लाल दोऱ्याचे ट्रे

अकरा जण रोपं घेऊन गेले होते. बाराव्याच्या हातगाडीवर मी चौथा ट्रे ठेवत होते. मामंजी पाण्याची नळी गुंडाळत तिथून चालले होते, ते थांबले आणि अगदी सहज म्हणाले, "सूनबाई, याला ढोबळी कशाला देतेस? याच्याकडे शेडनेट कुठंय?"

मला हसूच आलं. सकाळी सहापासून मी उभी होते, चहाचा दुसरा कप तसाच गार झाला होता आणि यांना चेष्टा सुचत होती. "मामंजी, तिखट मिरचीच आहे ही. लाल दोरा बघा की."

मामंजी जवळ आले. ट्रेवर वाकून त्यांनी एक पान अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलं, मग दुसरं, मग शेजारच्या ट्रेमधलं. तोवर त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. मग त्यांनी ट्रेच्या कोपऱ्याला बांधलेला दोरा बोटावर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले, अक्षरओळख नसलेल्या माणसाने आलेल्या पत्राकडे बघावं तसे.

"हा लाल आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

नऊ वर्षं मी या घरात आहे. या माणसाला मी रागावलेलं पाहिलंय, तापाने फणफणलेलं पाहिलंय, नातवंडाच्या शाळेत भाषण करताना लटपटलेलं पाहिलंय. पण असला प्रश्न विचारताना कधी पाहिलं नव्हतं. लाल दोरा लाल आहे का असं विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

मामंजी हातगाडीवाल्याकडे वळले. "याला पाणी जास्त झालंय. तू दुपारी ये." एवढं सांगून ते खताच्या खोलीकडे चालायला लागले, आणि मी काही न विचारता मागोमाग गेले.

आत पोती होती, रिकामे ट्रे होते आणि एक बाक होतं. मामंजी बाकावर बसले. "मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही," ते म्हणाले.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल. उद्या जाऊन—"

"चष्म्याचं नाही गं. जन्मापासून."

मी पोत्यावर टेकले. बाहेर बेचाळीस बाकांवर रोपं उभी होती आणि त्यांतल्या प्रत्येक ट्रेला या माणसाच्या हातचा दोरा होता.

आमची रोपवाटिका मोठी नाही, पण आजूबाजूच्या सव्वीस छोट्या शेतकऱ्यांचा उन्हाळी भाजीपाला आमच्याच ट्रेमधून निघतो. कुणाकडे अर्धा एकर, कुणाकडे नुसते आठ वाफे. सगळ्यांनी एकदम टोमॅटो लावला तर सगळ्यांचा एकदम पिकतो आणि बाजारात कुत्रं विचारत नाही. म्हणून थंडी ओसरायच्या आधी मी आमच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा कागद लावते. कोणी काय लावायचं, कुठल्या आठवड्यात लावायचं, त्यासाठी आमच्याकडे बी कधी टाकायचं, सगळं त्यावर असतं. आमचे हे मला चिडवतात, घरात बसून उंटावरून शेळ्या हाकते म्हणून. हाकते खरी, पण गेली चार वर्षं शेळ्या बाजारात वेळेवर पोचतात.

कागद माझा, पण ट्रे मामंजींचे. त्यांना सगळे दोरेवाले काका म्हणतात. चिठ्ठ्या रोजच्या पाण्याने भिजून जातात, शाई उडते, म्हणून त्यांनी पहिल्यापासून दोऱ्यांची पद्धत ठेवली. तिखट मिरचीला लाल, ढोबळीला हिरवा, टोमॅटोला पिवळा, वांग्याला निळा. तिखट आणि ढोबळीचं बी सारखंच चपटं, पिवळट. रोपंही पहिला महिनाभर जुळ्या बहिणींसारखी. पस्तीस दिवसांनी ढोबळीचं पान जरा रुंद होतं, जरा जाड लागतं, पण तो फरक इतका बारीक की मला अजूनही दहात चार वेळा चुकतो. दोऱ्यावर मात्र सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास. लाल दोरा म्हणजे तिखट, त्यात प्रश्नच नाही.

आणि प्रश्न नसावाच लागतो. ढोबळीला सावली लागते. उघड्यावर, आमच्या या उन्हात, तिची फुलं गळतात आणि जे फळ धरतं त्याला पांढरे चट्टे पडतात. शेडनेट आमच्यात चौघांकडेच आहे. बाकी सगळे उघड्यावर तिखट लावणारे. त्यांच्या वाफ्यात ढोबळी गेली तर ते दोन महिने पाणी घालतील, खुरपतील, राखण करतील, आणि फळ धरायच्या वेळी कळेल की हंगाम गेला. तेव्हा दुसरं रोप लावायला ना वेळ असेल ना पाणी.

"किती ट्रेंना चुकीचा दोरा लागलाय?" मी विचारलं.

"ते मला कसं कळणार?" मामंजी म्हणाले. "मी पानं बघतो. दोरे तुमच्यासाठी असतात."

मग एकेक गोष्ट डोक्यात लख्ख व्हायला लागली आणि प्रत्येक गोष्टीने मी नव्याने हबकत गेले. मामंजी कधीच टोमॅटो तोडायला जात नाहीत. म्हणतात, कंबर धरते. कधी स्कूटर शिकले नाहीत. म्हणतात, यंत्राची भीती वाटते. कपडे घ्यायला गेलं की "तिला विचार" म्हणून मोकळे. मी याला बायकोच्या मुठीत असणं समजत आले होते, आणि मैत्रिणींना सांगून हसलेही होते.

आणि बी टाकायच्या दिवसांत आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जागच्या हलत नसत. मामंजी बी टाकणार आणि त्या शेजारी दोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसणार. ट्रे झाला की काही न बोलता रीळ पुढे करणार. डब्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला चालत नसे. कोणाचं लग्न असो, कोणी आजारी असो, त्या पंधरा दिवसांत आई घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. लोक म्हणायचे, काय जोडी आहे. मी मनात म्हणायचे, काय हट्टी बाई आहे, एका डब्यासाठी जीव टाकते.

"आईंना माहीत होतं," मी म्हणाले.

"लग्नानंतर महिन्याभरात कळलं तिला. मी लहान असताना बाबांनी टोमॅटो तोडायला पाठवलं होतं. दोन पाट्या भरून आणल्या, निम्मे हिरवे. बाबांनी त्या पाट्या भर बाजारात सगळ्यांसमोर उलट्या केल्या. वर्षभर मला पोरं कच्चा टोमॅटो म्हणायची. तुझ्या सासूला मी एवढंच म्हणालो होतो, की हे कुणाला कळता कामा नये."

"आणि ह्यांना? तुमच्या मुलाला?"

"त्यालाही नाही."

अडतीस वर्षांचा संसार, आणि घरात कोणाला पत्ता नाही.

पण खरी चूक कोणी केली, हे कळायचं अजून बाकी होतं.

यंदा नणंद बाळंत झाली आणि आई जायला तयार होईनात. मीच भांडले त्यांच्याशी. म्हटलं, पोटची पोर आहे, पहिलं बाळ आहे, तुमचे दोरे काय मी बांधू शकत नाही? शेवटी त्या गेल्या. उंबऱ्यावरून परत फिरून म्हणाल्या, "दोरे हेच बांधतील. तू फक्त डब्याला हात लावू नकोस." मला राग आला. वाटलं, नऊ वर्षं झाली तरी माझ्यावर एक डबा सोपवत नाहीत. आणि दुसऱ्याच दिवशी मी तो डबा उघडला.

आत नुसता गुंता. एक दोरा लाकडी तुकड्यावर, एक पुठ्ठ्यावर, एक तुटक्या पेनावर, एक कापसाच्या बोळ्यावर गुंडाळलेला. मी बाजारातून चार सारखी प्लास्टिकची रिळं आणली. दुपारभर बसून सगळे दोरे त्यांवर नीट गुंडाळले, लाकूड, पुठ्ठा, पेन सगळं कचऱ्यात टाकलं आणि डबा पुसून जागेवर ठेवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी.

"लाकडावर लाल आणि पुठ्ठ्यावर हिरवा," मामंजी म्हणाले. "तिने जाताना करून ठेवलं होतं."

"मग रिळं बदललेली दिसल्यावर मला विचारायचं ना."

"विचारलं."

विचारलं होतं. मला आठवलं. मी ओसरीत आठवड्यांचा कागद रंगवत होते. मामंजी दोन रिळं घेऊन आले आणि म्हणाले, "यातलं मिरचीला कुठलं घेऊ?" मी मान वर न करता म्हटलं होतं, "तुमचीच पद्धत ना? का दिसत नाही आता?" ते रिळं घेऊन गेले होते.

"एक जरा गडद वाटत होता," ते आता म्हणाले. "सकाळी वाटत होता. संध्याकाळी दोन्ही सारखेच वाटायला लागले."

पस्तीस दिवस ते त्याच रोपांना रोज पाणी घालत होते. शेवटच्या काही दिवसांत एकाच बाकावर तिखट आणि ढोबळी मिसळलेली त्यांना दिसायला लागली होती, पण सुनेला ट्रे मांडायची शिस्त नाही असं समजून ते गप्प बसले. आणि मी त्यांचे दोरे बघून ट्रे मांडले होते, अगदी शिस्तीत.

आता काय करायचं ते उघड होतं. चव्वेचाळीस ट्रे गेले होते. ऊन उतरलं की लोक लावायला घेणार. त्याआधी एकेक ट्रे मामंजींच्या हाताखालून जायला हवा होता. मी फोन काढला. मामंजींनी माझं मनगट धरलं. त्यांनी मला कधी हात लावलेला नव्हता.

"खरं सांगू नकोस," ते म्हणाले. "बुरशीचा संशय आहे म्हण. परत मागव ट्रे. मी पानं बघून निवडून देतो, कुणाला कळायचं नाही. रंग न कळणाऱ्या माणसाकडून रोप कोण घेईल, सूनबाई? आजवर दिलेल्या प्रत्येक ट्रेवर लोक संशय घेतील. मागच्या वर्षी कोणाचं पीक गेलं, त्याच्या मागच्या वर्षी कोणाचं गेलं, सगळं माझ्या माथी येईल."

मी एरवी कोणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण डबा मी उघडला होता, आणि त्यांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. मी फोन लावत गेले. "बुरशीचा संशय आहे, लावू नका, ट्रे परत आणा." सगळे बरं म्हणाले. सगळ्यांचा आवाज मात्र पडला. सहा जणांना सांगून झालं, सातव्या होत्या तोफ मावशी. त्यांच्या आवाजामुळे हे नाव पडलंय. त्यांनी फोन उचललाच नाही.

दहा मिनिटांनी त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याचा उलटा फोन आला. "वहिनी, मावशींना मी सांगितलं बुरशीचं. त्यांनी दोन वाफे लावून टाकले होते, ते उपटतायत. आमचेपण ट्रे मागून घेतलेत. जाळायला गवत गोळा केलंय. नियम म्हणजे नियम म्हणतायत."

मला भिंतीवरचा माझा कागद आठवला. तीन वर्षांपूर्वी एका वाफ्यातला मर रोग, रोपं उभीच सुकवणारी बुरशी, सात शेतांत पसरला होता. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि तेव्हापासून दर वर्षी मीच जाड अक्षरांत खाली लिहिते: रोगट रोप दिसलं की कोणाला विचारायचं नाही, जाळायचं.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. निरोगी रोपं, पस्तीस दिवस वाढवलेली, आमच्या खोटेपणावर जळायला निघाली होती. आणि ती जळली तर यंदा पुन्हा बी टाकायला वेळ नव्हता. मी स्कूटर काढली. मामंजी मागे बसले.

मावशींच्या शेताच्या कडेला वाळलेल्या गवताचा ढीग होता, त्यावर उपटलेली रोपं पसरली होती, मुळांना अजून ट्रेमधल्या कोकोपीटचे गोळे चिकटलेले. शेजारी तीन शेतकऱ्यांचे ट्रे एकावर एक रचलेले. पाच-सहा माणसं कोणी गेल्यासारखी उभी होती. मावशी काडेपेटी घेऊन वाकल्या होत्या. त्यांचे डोळे ओले होते, आणि मावशींचे डोळे ओले मी पहिल्यांदाच पाहिले.

"थांबा," मामंजी म्हणाले.

"नियम आहे भाऊजी. तुमच्याच घरात लिहिलाय."

"रोपं चांगली आहेत. बुरशी नाही."

"आत्ता तुमच्या सुनेने सांगितलं की बुरशी आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मामंजींकडे बघितलं. मला वाटलं ते आता दुसरं काहीतरी सांगतील, पाणी जास्त झालं, खत कमी झालं, काहीही. त्यांना ते जमलं असतं, लोकांनी ऐकूनही घेतलं असतं. त्यांनी ढिगाऱ्यातलं एक रोप उचललं, मुळाचा गोळा तळहातावर धरला आणि म्हणाले, "मला लाल आणि हिरवा रंग ओळखू येत नाही. लहानपणापासून. दोरे उलटसुलट बांधले गेलेत. तुमच्यातल्या काहींना मी तिखट म्हणून ढोबळी दिलीय. सुनेला खोटं बोलायला मी लावलं."

काडेपेटी तोफ मावशींनी कमरेला खोचली आणि मामंजींच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मग मी घराला हिरवा रंग दिला तेव्हा झकास म्हणालात ते?"

"आमची ही म्हणाली म्हणून म्हणालो."

कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणीतरी हसलं. मावशी हसल्या नाहीत, पण त्या वाकून ढिगावरची रोपं भराभर उचलायला लागल्या. "हातात घेऊन काय उभे राहिलात? सांगा, हे कुठलं?"

मामंजींनी पान चिमटीत धरलं. "ढोबळी."

"हे?"

"तिखट. हेही तिखट. हे ढोबळी."

"पान धरून कळतं तर रंगाचं एवढं काय घेऊन बसलात?" मावशींचा आवाज आता नेहमीच्या पट्टीला आला होता. "दोऱ्याला गाठी मारायच्या ना. तिखटाला एक, ढोबळीला दोन. आंधळ्यालाही कळेल."

एवढं बोलून त्या रोपं वेगळी करायला लागल्या. बाकीचे ट्रे उचलायला लागले. त्यांच्या दृष्टीने बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मामंजी मात्र जागच्या जागी उभे होते. एक गाठ आणि दोन गाठी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी एरवी पटकन म्हटलं असतं. त्या वेळी माझ्या तोंडातून ते निघालं नाही.

दुपारनंतर सगळे ट्रे आमच्याकडे परत आले. फोन करून मी प्रत्येकाला खरं सांगितलं आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, आता हा म्हणेल की नको तुमची रोपं. कोणी म्हणालं नाही. एकाने विचारलं, "मग आता ट्रे घेऊन पायीच येऊ का? हातगाडी गेलीय." एकाने स्वतःच्या भावालाही रंग कळत नाहीत असं सांगितलं आणि भावाचा नंबर दिला, का ते मला अजून कळलेलं नाही. मामंजी स्टुलावर बसले, लोक एकेक ट्रे पुढे सरकवत गेले, आणि ते पान धरून सांगत गेले. ऐंशीवर ट्रे. त्यांतल्या एकतीस ट्रेंना चुकीचा दोरा निघाला. एकतीस म्हणजे आठेक घरांचा हंगाम, एवढा हिशेब मला भीतीने आपोआप झाला. गाठी मामंजी स्वतः मारत होते. मावशींनी उपटलेली रोपं बरीचशी वाचली, उरलेल्यांच्या बदल्यात मी राखीव ट्रे दिले. ऊन उतरलं तेव्हा आवारात एकही हातगाडी उरली नव्हती.

आमचे हे टोमॅटोचे ट्रे पोचवून परतले. मामंजींनी त्यांनाही सांगितलं. ते वडिलांकडे बघत राहिले आणि मग हात धुवायला गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

दिवेलागणीला आईंचा रोजचा फोन आला. मी स्पीकरवर टाकून मधे टेबलावर ठेवला. मागे बाळ कुरकुरत होतं. त्यांनी बाळाचं वजन सांगितलं, नणंदेला झोप लागत नाही हे सांगितलं. मग विचारलं, "मिरची गेली का सगळी?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण मामंजींनी हाताने थांबवलं आणि त्यांनीच सांगितलं. डब्याचं, दोऱ्यांचं, बुरशीचं, मावशींच्या शेतावरचं. माझं नाव त्यांनी डब्यापाशी घेतलं नाही, "रिळं बदलली गेली" एवढंच म्हणाले. मीच मधे म्हणाले, "आई, मी बदलली. मला माफ करा."

"म्हणजे लोकांना सांगितलंत तुम्ही," आई म्हणाल्या.

"सांगितलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग काय म्हणाले लोक?"

मामंजी जरा थांबले. मला वाटतं, हे सांगावं की नाही असं त्यांना झालं असावं. "काही नाही," ते म्हणाले. "मावशी म्हणाल्या, तिखटाला एक गाठ मारा, ढोबळीला दोन."

फोनवर नुसता बाळाचा आवाज येत राहिला.

"एवढंच?" आई म्हणाल्या.

"एवढंच."

"आणि घेऊन गेले रोपं?"

"घेऊन गेले."

मला वाटलं फोन कटला, म्हणून मी बघायला हात पुढे केला.

"गाठींचं मी सांगितलं होतं तुम्हाला," आई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, बाळाचं वजन सांगताना होता तसाच. "लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, रंग असताना गाठी कशाला, लोक विचारतील. त्या वर्षी माझी आई आजारी होती. दोनदा निरोप आला. मी म्हटलं, गाठी मारून ठेवते आणि जाऊन येते. तुम्ही म्हणालात, चार दिवस थांब, तेवढे ट्रे होऊ देत."

मामंजींनी टेबलाची कड धरली. त्यांना हे आठवत होतं की नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"चार दिवस थांबले मी," आई म्हणाल्या. "गेले तेव्हा तिला नेलं होतं, खोलीही धुऊन झाली होती."

"अगं—" मामंजी म्हणाले.

"मी इथे हंगामभर राहणार आहे. पुढचं बी टाकायचं असेल तेव्हा गाठी तुमच्या तुम्ही मारा."

मग त्यांनी मला विचारलं की मुलं जेवली का. मी हो म्हटलं, आणि त्यांनी फोन ठेवला.